बरणीत ओतलेली बाटली

गोंदिया जिल्ह्यात, सौंदडपासून थोडं आत, एका जुन्या तलावाच्या पाळीला लागून एक पाहुणेघर आहे. सेंद्रिय धान लावणाऱ्या काही शेतकऱ्यांनी मिळून ते बांधलं. तीन खोल्या, पुढं ओसरी, मागं स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराला टेकून एक लहान खोली. त्या लहान खोलीत मी राहते.

मी मूळची सांगलीकडची. आठवीनंतर शाळा सुटली. नवरा वेल्डर. तिरोड्याच्या वीज प्रकल्पावर एका कंत्राटदाराकडं त्याला काम लागलं म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. ते काम संपल्यावर तो छत्तीसगडात पुढच्या साइटवर गेला. तिथं बायकांना राहायची सोय नव्हती. पाहुणेघराचा कारभार बघणारे काकाजी मला म्हणाले, "भांडे घास, खोलीत राहा." कुठली, कोण, किती शिकलीस, काही विचारलं नाही. त्या न विचारण्याचे उपकार मी अजून मानते. पण जे न विचारता मिळालं ते न विचारता काढूनही घेतलं जाईल, ही धास्ती तेव्हापासून आहे. झोपायच्या आधी मी सिलिंडरची चावी तीनदा बघते, ती सवय तेव्हाची.

पहिलं वर्ष भांड्यांत गेलं. मग आधीची स्वयंपाकीण मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली ती परत आलीच नाही. त्याच सुमाराला काकाजींनी सांगितलं की जपानची एक बाई उन्हाळी धान बघायला येणार आहे, दोन महिने राहील.

"पाय बाई," ते म्हणाले, "थे जेवली त सैपाक तुह्या हाती. नाई जेवली त गोंदियावरून खानसामा आनतो. मंग त्याले खोली द्यावी लागन, हे आताच सांगून ठेवतो."

त्यांचं बोलणं असंच. पुढं-मागं काही लावत नाहीत. मी हो म्हटलं आणि आत जाऊन माझ्या खोलीकडं एकदा बघून घेतलं. एक खाट, एक ट्रंक, खिडकीतून दिसणारं तलावाचं पाणी. बघण्यासारखं फार नव्हतं, पण दुसरं काही नव्हतंही.

पाहुणीबाई साठीच्या पुढच्या होत्या. बारीक अंग, केस पुरुषासारखे कापलेले. भारतात बरीच वर्षं येऊन-जाऊन असल्यानं मोडकं हिंदी बोलायच्या, आणि ते गोंदिया स्टेशनावरच्या हिंदीपेक्षा हळू असल्यानं मला चांगलं कळायचं. पहिल्या दिवशी मी जीव ओतून स्वयंपाक केला. भरलं वांगं, शेंगदाण्याचं कूट, वर तेलाचा तवंग. त्यांनी नमस्कार केला, अर्धी पोळी खाल्ली आणि ताट हळूच बाजूला सरकवलं.

"कच्ची मासोळी खाते म्हनत होते," आमची बुढीमाय दारातून म्हणाली. ही बुढीमाय गावातलीच, तांदूळ निवडायला आणि झाडलोटीला यायची. "तुह्या मिरचीनं तिचं पोट फाटन. अन् तू जाशीन गावाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतःच स्वयंपाकघरात आल्या. हातात एक काचेची बाटली, फडक्यात गुंडाळलेली. आत काळपट, उजेडात धरलं की तांबूस दिसणारं पाणी. कागदावर त्यांची अक्षरं होती. मी सोया सॉस ओळखत होते, पण तो चायनीजच्या गाडीवरचा, काळाभोर, नूडल्सवर भसाभसा ओततात तो. बाईंनी मला बसवून सांगितलं. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी, एवढंच. शेतात औषध नाही, पिंपात औषध नाही. लाकडाच्या मोठ्या पिंपात दोन उन्हाळे ठेवलेलं. पिळून गाळलं आणि तसंच बाटलीत भरलं, आगीवर नेलेलंच नाही. त्यांच्या मामाच्या घरी हाच धंदा होता.

आमच्या गावाकडं सोयाबीन शिवारभर असतं. ते काढायचं आणि बाजारात घालायचं. त्याला कुणी दोन उन्हाळे सांभाळत बसतं हे मला नवीन होतं.

मी झाकण काढून वास घेतला. आधी खारट, मग भाजलेल्या गव्हासारखा, आणि त्याच्या मागं मुरलेल्या लोणच्याच्या बरणीचं तोंड उघडल्यावर येतो तसा काहीसा. तो तिसरा वास ओळखीचा निघाला म्हणून मला धीर आला. पुढचा घोटाळा त्या धीरातनंच झाला, हे आता कळतं.

त्या दिवशी बाईंनी लाल भोपळा करून दाखवला. इकडं त्याला कोहळं म्हणतात. सालीसकट मोठे तुकडे, बुडतील एवढं पाणी, गुळाचा खडा आणि दोन चमचे ते काळं. झाकण ठेवून मंद आचेवर. बस. मी मिठाचा डबा हातात घेऊन उभी. "नमक नहीं," त्या म्हणाल्या, "नमक इसमें है।" मी तेलाच्या बुधलीकडं बघितलं. "तेल नहीं।" फोडणी न देता भाजी खाली उतरवायची म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं माझ्या डोक्यात पक्कं. त्यांनी एक तुकडा मला दिला. भोपळा भोपळ्यासारखा लागत होता, फक्त जरा जास्तच.

बाकी नियम थोडे होते. शिजवताना घातलं तर शेवटी घालायचं. गरम भातावर, भाजलेल्या वांग्यावर, उकडलेल्या अंड्यावर मात्र कच्चं, थेंबानं. भातावरचे ते चारसहा थेंब बाईंना सगळ्यात प्रिय. इथला चिन्नोर तांदूळ त्यांना फार आवडला होता, त्याच्या वाफेवर त्या थेंब टाकायच्या आणि आधी नुसता वास घ्यायच्या. बाटली फ्रिजमध्ये ठेवताना मला दाखवून म्हणाल्या, "ठंडे में। इसमें जान है।"

पंधरा दिवस सुरळीत गेले. बाई ताट स्वच्छ करू लागल्या. काकाजी गुरुवारी त्यांच्याबरोबर जेवायला यायचे, ताटाकडं एक नजर टाकायचे आणि मला काही बोलायचे नाहीत. ते बोलत नाहीत म्हणजे ठीक आहे, असं बुढीमायनं मला समजावलं होतं.

मग बाई आठवडाभरासाठी इटियाडोह धरणाच्या कालव्यावरची शेतं बघायला गेल्या. दुसऱ्याच दिवशी तलावावर जाळं पडलं, आणि काकाजींनी पाहुणेघराच्या वाट्याची मरळ पाठवली. फ्रिज मासळीनं भरला. दार उघडलं की वास. मला ते बरं वाटेना. दोन उन्हाळे सांभाळलेली वस्तू मासळीच्या शेजारी कशी ठेवायची? शिवाय बाटली निम्मी झाली होती, वरचं झाकण प्लॅस्टिकचं. आमच्या घरी जे काही खारातलं असेल ते चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला दादरा बांधून, अंधाऱ्या फळीवर. लोणचं कुणी गारठ्यात ठेवत नाही. मी कोठीतली एक बरणी काढली, घासली, दिवसभर उन्हात वाळवली, बाटली तिच्यात ओतली आणि स्वच्छ पांढरा दादरा बांधला. बाटली धुऊन पालथी घातली. बाई येतील आणि बघतील की आपल्या वस्तूची किती काळजी घेतलीय, असं चित्रही मनात रंगवलं.

बाहेर चैत्रातलं ऊन तापत होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी दादरा सोडून आत बघितलं. वर पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा आला होता, दुधावरच्या सायीसारखा.

मागं बुढीमाय उभी होती. "काऊन वो," ती म्हणाली, "आज दिवा नाई लावलास तू देवापाशी."

मी दादरा परत बांधायला घेतला.

"बाहेरची हायेस ना?"

मी मान हलवली.

"अन् तशीच बरनीले हात लावलास? कालपासून का आजपासून?"

"कालपासून. काल पुसली नुसती बाहेरनं."

"पुसली! मंग येनार नाई त काय होईन? लोनचं नासते, पापड लाल पडते, अन् हे त दुसऱ्या देशाचं."

आमच्या घरीही हेच. त्या चार दिवसांत बरणीजवळ जायचं नाही. इथं कुणी बघत नव्हतं, आणि सगळा स्वयंपाक माझ्यावर, म्हणून मी ते पाळणं सोडलं होतं. आता वाटलं, सोडलं त्याचंच हे. काकाजींना हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मासळीचं सांगता आलं असतं, बरणीचं सांगता आलं असतं. पण "का नासलं" या प्रश्नाचं माझ्याकडं जे उत्तर होतं ते पुरुषमाणसासमोर बोलायचं नव्हतं.

बुढीमायनं तोडगा काढला. "फेकून दे थे. सौंदडच्या दुकानातून चायनीजचं कारं पानी आन अन् भर बाटलीत. कारं त कारंच. तिले काय समजते?"

काळ्याला ती कारं म्हणायची. मी गेले. ऑटोनं जाऊन किराणा दुकानातून सोया सॉसची बाटली आणली. बाईंच्या बाटलीच्या तोंडावर नरसाळं ठेवलं आणि नव्या बाटलीचं बूच उघडलं. व्हिनेगरचा आणि जळलेल्या साखरेचा वास नाकात गेला. मी थांबले. प्रामाणिकपणानं थांबले असं लिहायला आवडलं असतं. खरं असं की याच बाईंनी एकदा भाताचा नुसता वास घेऊन तांदूळ मागच्या सालचा आहे हे ओळखलं होतं. पकडली जाणार हे दिसत होतं, म्हणून थांबले.

मग माझ्या मावशीची युक्ती आठवली. लिंबाच्या लोणच्याच्या खारावर बुरशी आली की तो खार गाळून उकळायचा आणि गार करून परत ओतायचा. मी वरची साय काढली, बाकीचं पातळ फडक्यातनं गाळलं, कढईत घातलं आणि गॅस मोठा केला. नीट उकळावं, काही राहू नये, म्हणून चांगली खळखळ येऊ दिली. कडेला थोडं लागलं. स्वयंपाकघरभर इतका सुंदर वास सुटला की मला वाटलं, सुधारलं. गार झाल्यावर बाटलीत भरलं. तोपर्यंत मासळी संपली होती. बाटली फ्रिजमध्ये, जागच्या जागी.

शनिवारी दुपारी बाई आल्या. उन्हानं लाल झालेल्या, पण खुशीत. मी भात वाढला, वांगं भाजून ठेवलं. त्यांनी भातावर थेंब टाकले, वाकून वास घेतला आणि तशाच थांबल्या. मी दारापाशी तांब्या घेऊन उभी होते.

"दीदी," त्या म्हणाल्या, "ये आग पे गया?"

खोटं बोलायचं ठरवलेलं होतं. पण प्रश्न इतका नेमका होता की खोट्याला कुठं शिरायला जागाच राहिली नाही. मी सगळं सांगितलं. मासळी, बरणी, साय, कढई, दुकानातली बाटलीसुद्धा. त्यांनी बरणी बघायला मागितली, दादऱ्याचं कापड बोटांत धरून बघितलं.

"ये कपड़ा। हवा गई। गर्मी। सफ़ेद आता है। हमारे यहाँ भी, घर में बाहर रखो तो आता है।"

मला ते पटेना. म्हणजे पटलं तर बरं होतं, म्हणूनच पटेना. मी जमिनीकडं बघत म्हटलं, "मेरे को छूना नहीं था. वो टाइम में."

"कौन सा टाइम?"

बुढीमायनं दारातून मदत केली. "महिना, महिना! औरत का! बाहर का!"

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी सांगितलं, मामाच्या घरीही आधी असंच होतं. पिंपांच्या खोलीत बायकांना जाऊ देत नसत, पिंप नासेल म्हणून. त्यांची आई उंबऱ्यावरनंच परत फिरायची. मग मामाला मुलगा झाला नाही. आता मामाची मुलगी मालकीण आहे, रोज त्या खोलीत असते.

"पीपे को पता नहीं चला," त्या म्हणाल्या.

बुढीमाय तोंडाला पदर लावून हसली. मीही हसणार होते, तेवढ्यात त्यांनी पुढचं वाक्य टाकलं.

"सफ़ेद आपके हाथ से नहीं आया। जलाना, ये आपके हाथ से हुआ।"

आवाज चढला नव्हता. त्यांच्याकडं लांब पाठवायचा माल गरम करतातच, त्या म्हणाल्या, पण मंद, उकळी न येऊ देता. त्यानंही चांगला वास येतो, वेगळा. हे मात्र करपलंय. आता हे शिजवायला चालेल, भातावर नाही. त्यांनी भाताचं ताट पुढं ओढलं, वरचा ओला भाग बाजूला केला आणि बाकीचा मीठ-लिंबू घालून खाल्ला.

मी विचारलं, काकाजींना सांगणार का.

"मैं नहीं। आप देखो।"

उरलेले दिवस त्यांनी भात तसाच खाल्ला, मीठ आणि लिंबू. तक्रार नाही, तोंड वाकडं नाही. पण वास घ्यायला त्या वाकत नव्हत्या. रोज दोन वेळा मी ते बघायची. भोपळा त्या उकळलेल्या रसात उलट जास्त छान व्हायला लागला होता, वांगीही. त्या मागून घ्यायच्या. मला मात्र ताटात भातच दिसायचा.

गुरुवार आला. काकाजी जेवायला बसले. नजर नेहमीसारखी ताटावर. जेवण झाल्यावर ते हात धुवायला मागं आले आणि म्हणाले, "बाई भात कोरडा खाऊन राहिली. काऊन?"

मी सांगितलं. सफेद कशामुळं आलं याचं आता माझ्याकडं सांगता येण्याजोगं उत्तर होतं, कापड आणि गर्मी, त्यामुळं सोपं गेलं. दुकानातली बाटलीही सांगितली. ते हात पुसत ऐकत होते.

"कोनत्या बरनीत?"

मी दाखवली.

"माह्या मायची हाये थे. तिच्यात लोनचं राहे." बरणीच्या तोंडाशी नाक नेलं. "अजून वास हाये." कशाचा ते बोलले नाहीत.

"खानसाम्याले फोन करतो," ते म्हणाले. म्हणताना माझ्याकडं बघितलंही नाही. "पाहुनीचा माल बिघडवला, अन् मले दहा दिवसानं सांगतेस."

"सहा," मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

ते ओसरीवर गेले. मी भांड्यांच्या ढिगापाशी बसले, पण नळ सोडला नाही. बाहेरचं ऐकू येत होतं.

"बाई, इसका खाना जमता है क्या आपको? सच बोलो. नहीं तो दूसरा बुलाता हूँ."

बाईंनी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "कद्दू बहुत अच्छा। बैंगन अच्छा। मछली अच्छी। बोतल मैं रखूँगी।"

"खाना?"

"खाना ये बनाएगी। बोतल मैं रखूँगी।"

काकाजी जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबले. "ऐकलं ना? बाटली तिच्यापाशी राहू दे." फोनचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पुढचे तीन आठवडे बाई बाटली झाकण घट्ट लावून आपल्या खोलीत ठेवायच्या आणि जेवण करायच्या वेळी आणून द्यायच्या, चमच्यानं मोजून. मला त्याचा अपमान वाटला नाही. उलट मोकळं वाटायचं. आग कमी कशी ठेवायची ते त्यांनी मला परत दाखवलं, या वेळी साध्या पाण्यावर. कढईच्या तळाला बारीक बुडबुडे चिकटलेले, पण एकही वर येत नाही, तिथं हात थांबवायचा. मी हजार वेळा पाणी तापवलं होतं, तळाशी काय होतं ते बघितलं नव्हतं.

मेच्या मध्यावर त्या गेल्या. जाताना बाटली माझ्या हातात दिली. तळाला तीन बोटं राहिलं होतं. "पकाने का," एवढंच म्हणाल्या. गाडी पाळीवरून वळेपर्यंत मी उभी राहिले आणि मग सवयीनं मागं गेले. पाहुणी गेली म्हणजे तिच्या खोलीतली आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी काढून घासायची, हे माझं आधीपासूनचं काम. खानसाम्याचं पुढं काय झालं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं मी आधी जिथं होते तिथंच जाऊन बसले. काळी झालेली कढई पुढ्यात घेतली.

बुढीमाय आली. तिच्या हातात उकडलेलं अंडं, त्यावर दुकानातल्या त्या बाटलीतलं काळं पाणी. ती बाटली तिनं कधीच आपली करून टाकली होती. "हेच चांगलं लागते," ती म्हणाली, "तुह्या जपानीत दम नाई." अंडं संपवून तिनं लुगड्याला हात पुसले आणि माझ्या हातातली कढई ओढली.

"ठेव थे."

"का?"

"कायले घासतेस? काकाजीनं मले सांगतलं भांड्याचं. आजपासून. तू संध्याकारचं पाय, चार जन येऊन राहिले कृषी खात्याचे."

"तुला कधी सांगितलं?"

"झाले आठ दिवस."

"मला तर कुणी सांगितलं नाही."

"त तू विचारलं कोनाले?" ती कढईला राख लावू लागली.

मी उठले. हात धुतले. भोपळा होता, वांगी होती. कृषी खात्याच्या माणसांना फोडणी लागणार, तेल लागणार, तिखट लागणार, म्हणून तेलाची बुधली खाली घेतली. मग फ्रिज उघडला आणि ती तीन बोटं राहिलेली बाटली झाकण घट्ट आहे का ते बघितलं. घट्ट होतं. परत एकदा बघितलं आणि गॅस पेटवला.